वाचनालय गावाचे, वाटा कोणाकोणाचा?

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांच्या घरात आहे. एवढा आकडा सांगता येणारी राज्ये देशात फार नाहीत. तरीही या पसाऱ्यात ‘शाखा’ म्हणावे असे वाचनालय शोधायला गेले तर हाताला फारसे काही लागत नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने शहरभर शाखा काढल्या, आणखी काही जुन्या संस्थांनी एखाददुसरी काढली. बाकी प्रत्येक वाचनालयाची नोंदणी वेगळी, घटना वेगळी, कार्यकारिणी वेगळी. शेजारच्या गावच्या वाचनालयातले पुस्तक आपल्या गावात मागवायचे तर तशी सोय नाही. दोघांच्या वर जे आहे ते पुस्तके फिरवणारे मध्यवर्ती ग्रंथालय नव्हे, तपासणी करणारे आणि अनुदान देणारे कार्यालय आहे.

शाखा असायची तर तिला धरून ठेवणारे कोणी तरी लागते. जागा कोणाची, वीजबिल कोणी भरायचे, पुस्तके कोणी निवडायची आणि ग्रंथपालाचा पगार कोणाच्या खात्यातून निघायचा, या चार प्रश्नांची उत्तरे एकाच घराकडून मिळावीत की चार घरांत वाटली जावीत, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, राज्य शासन आणि स्वयंसेवी संस्था या पाच जणांत ही वाटणी कशी झाली, इतरांनी ती कशी केली आणि आज गाडी कुठे अडली आहे, ते या लेखात क्रमाने पाहू.

बडोद्याचे तीन वाटे

मराठी मुलुखात सार्वजनिक वाचनालये आधी आली, सरकार नंतर आले. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. यांतली बरीचशी इंग्रज अधिकारी आणि गावातली शिकलेली मंडळी यांनी मिळून उभी केली. पुढे ठाण्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले आणि पाच वर्षांनी मुंबईत. या सगळ्या संस्था वर्गणीवर चालत. ज्याला वर्गणी परवडे तो वाचक, इतका सरळ हिशेब होता.

हा हिशेब पहिल्यांदा मोडला तो बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण राज्यभर नेले. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुस्तक राहिले नाही तर शिकलेले विसरले जाते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९१० मध्ये त्यांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावले. बॉर्डन परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ते काम पुढे नेले. मध्यवर्ती ग्रंथालय आणि गावोगाव जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या यांचे कौतुक बरेच झाले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र बडोद्याची खरी करामत पैशाच्या वाटणीत आहे. गावाने वाचनालयासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत जेवढी रक्कम जमवायची, तेवढीच प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच दरबारने. गावासाठी प्रत्येक वाट्याची मर्यादा शंभर रुपये, कसब्यासाठी तीनशे, प्रांताच्या मुख्य ठिकाणासाठी सातशे. इमारतीलाही हेच तीन वाटे.

या रचनेत तिघांपैकी कोणालाही एकट्याने मालक होता येत नव्हते, आणि एकाने हात आखडला तर उरलेल्या दोघांना ते लगेच दिसे. दोषही होता. ज्या गावाला पहिले शंभर रुपये जमवता येत नाहीत ते गाव बाहेरच राहते. बरोबरीच्या अनुदानाचा हा दोष आजही संपलेला नाही. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून राज्यांना मुख्यतः त्यांच्या वाट्याला जोड देण्याच्या तत्त्वावर मदत देते, आणि जे राज्य आपला वाटा आधी काढून ठेवते त्यालाच ती मिळते.

बडोद्यानंतर कायद्याच्या वाटेवर पहिले पाऊल कोल्हापूरने टाकले. कोल्हापूर संस्थानाचा १९४५ चा ग्रंथालय कायदा हा देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. मुंबई प्रांतात त्याआधी, १९३९ मध्ये, असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंतची उतरंड आखली. स्वातंत्र्याच्या आगेमागे त्यातला वरचा भाग अमलात आला. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि पुणे, अहमदाबाद व धारवाड येथील प्रादेशिक ग्रंथालये निघाली. खालच्या पायऱ्यांवर नवी सरकारी वाचनालये काढण्याऐवजी आधीच उभ्या असलेल्या संस्थांनाच जिल्हा आणि तालुका ग्रंथालय म्हणून मान्यता देण्याचे धोरण राहिले. त्या काळच्या तिजोरीकडे पाहता ते शहाणपणाचे होते. महाराष्ट्राचा पुढचा सगळा रस्ता मात्र तिथेच ठरला.

१९६७ चा कायदा आणि त्यातली रिकामी जागा

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायदा १९६७ मध्ये झाला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. त्याने ग्रंथालय संचालनालय, राज्य ग्रंथालय परिषद, जिल्हा ग्रंथालय समित्या आणि ग्रंथालय निधी एवढी चौकट उभी केली. निधीत राज्य शासनाने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत, अशी तरतूद आली. उपकर आला नाही. मद्रासने १९४८ मध्ये आणि म्हैसूरने १९६५ मध्ये स्वीकारलेला ग्रंथालय कर महाराष्ट्राने जाणून बाजूला ठेवला. पैसे राज्याच्या अर्थसंकल्पातून यायचे आणि वाचनालय संस्थेने चालवायचे, अशी दोन टोकांची मांडणी झाली.

मधली जागा रिकामी राहिली. १९७० च्या अनुदान नियमांनी संस्थांची जिल्हा, तालुका आणि इतर अशी विभागणी करून त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले, आणि वर्गाप्रमाणे परिरक्षण अनुदान ठरवले. या व्यवस्थेत ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आली ती बहुतेक ठिकाणी जागा देणारी म्हणून. एखाद्या पंचायतीने चावडीची खोली दिली, एखाद्या नगरपालिकेने नाममात्र भाड्याने गाळा दिला, तर ती मेहेरबानी. कर्तव्य म्हणून तिची कुठे नोंद नाही. ग्रामपंचायत कायद्यातल्या कामांच्या यादीत वाचनालय आहे. पण यादीत असणे आणि त्यासाठी पैसे बाजूला काढावे लागणे यांत अंतर आहे. नगरपालिका आणि महापालिकांच्या कायद्यांत तर ते ऐच्छिक कामांतच बसते.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने चित्र बदलायला हवे होते. अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत विसावा विषय ‘ग्रंथालये’ असा स्पष्ट आहे. त्याच वेळच्या ७४ व्या दुरुस्तीने शहरांसाठी जी बारावी अनुसूची दिली तिच्यात मात्र हा शब्द नाही. सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना, एवढ्यावर भागवले आहे. म्हणजे घटनेच्या अक्षराप्रमाणे खेड्याच्या पंचायतीचा वाचनालयावर हक्क अधिक स्पष्ट आणि महापालिकेचा पुसट. प्रत्यक्षात पैसा, जागा आणि नोकरवर्ग महापालिकेकडे, आणि पंचायतीकडे बहुधा एक खोली.

या काळात अनुदान वाढत गेले, पण सावकाश. ग्रंथालय सेवकांच्या वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींचा विचार व्यंकप्पा पत्की समितीने केला. तो विषय आजही मोर्चे आणि निवेदने यांच्या पातळीवर जिवंत आहे. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेमार्फत सगळ्या वाचनालयांची पडताळणी झाली. कागदावरची वाचनालये उघडी पडली, आणि त्यासोबत नवी मान्यता व दर्जावाढ दीर्घकाळ थांबली. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली. चळवळीतली मंडळी तिचे स्वागत करताना लगेच सांगतात की छोट्या वाचनालयात या पैशातून एका माणसाचा किमान वेतनाइतका पगारही निघत नाही.

शेजाऱ्यांचे अनुभव

आपल्याकडे उपकराची कल्पना मांडली ती ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात त्यांचा हात होता. प्रत्येक जिल्ह्याला स्थानिक ग्रंथालय प्राधिकरण. पालिका आणि पंचायतींनी मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर गोळा करायचा आणि प्राधिकरणाकडे भरायचा. त्यातून प्राधिकरणाने शाखा चालवायच्या. शाखा हा शब्द इथे खऱ्या अर्थाने लागू पडतो. जिल्हा मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली शाखा, त्याखाली खेड्यांतली वाचनालये, अशी साखळी तमिळनाडूत उभी राहिली. आज तिथे कराच्या दर रुपयामागे १० पैसे उपकर आहे. कर्नाटकात तो ६ टक्के आहे. केंद्राच्या सिन्हा समितीनेही १९५० च्या दशकाअखेरीस ६ पैशांचाच आकडा सुचवला होता.

साखळीची कमजोर कडी गोळा करणारा आणि खर्च करणारा यांच्यामधल्या जोडात निघाली. बंगळुरू महापालिकेने लोकांकडून घेतलेला ग्रंथालय उपकर ग्रंथालय खात्याकडे वेळेवर भरला नाही आणि थकबाकी कोट्यवधींवर गेली, ही बातमी तिथे वारंवार छापली गेली आहे. चेन्नई आणि हैदराबादचा अनुभव फारसा वेगळा नाही. पालिकेच्या बाजूने पाहिले तर तिचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे. कर आम्ही लावायचा, शिव्या आम्ही खायच्या, आणि ग्रंथालय कुठे काढायचे व किती वेळ उघडे ठेवायचे यात आम्हाला शब्द नाही. मग पैसे पाठवण्याची घाई आम्हाला का असावी?

केरळने वेगळा मेळ घातला, आणि महाराष्ट्राला सर्वांत जवळचा तोच आहे. तिथेही वाचनालये लोकांनी काढलेली, पी. एन. पणिक्कर यांच्या ग्रंथशाला संघाने १९४५ पासून ती एकत्र बांधली. १९८९ च्या कायद्याने त्यांच्यावर निवडून आलेली राज्य, जिल्हा आणि तालुका पातळीवरची परिषद बसवली. स्थानिक संस्थांनी मालमत्ता करावर ५ टक्के उपकर गोळा करून तो परिषदेला द्यायचा. वाचनालयाची मालकी संस्थेकडे, पैसा स्थानिक करातून, धोरण निवडलेल्या परिषदेकडे. निवडणुका आल्या की राजकारण येते, ही टीकाही तिथे आहेच. गोव्याने १९९३ च्या कायद्यात आणखी निराळी युक्ती केली आणि उपकर मद्याच्या लिटरवर बसवला. घरपट्टीशी वाचनालयाचे नातेच तोडल्यामुळे पंचायतीची वसुली आणि थकबाकी हा सगळा झगडा टळतो. वाचकाला मात्र आपल्या करातून काय मिळते हे कधीच दिसत नाही.

आजच्या चर्चेला सर्वांत जास्त खाद्य दिले आहे ते कर्नाटकाच्या २०१९ च्या निर्णयाने. सुमारे ५,६०० ग्रामपंचायत वाचनालये ग्रंथालय खात्याकडून काढून ग्रामविकास व पंचायत राज खात्याकडे दिली गेली. त्यानंतर खोल्या रंगवल्या गेल्या, मुलांना मोफत सभासदत्व मिळाले, संगणक आले. पंचायतीला आपली वास्तू म्हणून त्यात रस वाटू लागला, हे निरीक्षण बहुतेकांना मान्य आहे. आक्षेपही ठोस आहेत. मध्यवर्ती ग्रंथालयाशी असलेला धागा सैल झाला, पुस्तकांची निवड देणग्यांवर झुकली, आणि वाचनालय सांभाळणाऱ्या माणसाच्या मानधनाचा प्रश्न एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेला, सुटला मात्र नाही.

दूरची दोन-तीन उदाहरणे

इंग्लंडच्या १८५० च्या कायद्याने नगरपालिकांना पौंडामागे अर्धा पेनी कर लावू दिला, पण त्यातून इमारत आणि नोकर यांचाच खर्च करता येई. पुस्तके लोकांनी देणगी म्हणून द्यावीत, अशी अपेक्षा होती. पाच वर्षांत ही चूक दुरुस्त झाली. आपल्याकडे आमदार निधीतून आधी इमारत बांधून पुस्तकांसाठी वाट पाहणारी वाचनालये पाहिली की त्या कायद्याची आठवण होते. १९६४ च्या कायद्याने ग्रंथालयसेवा पुरवणे हे तिथल्या स्थानिक संस्थांचे कर्तव्यच केले.

दोन-तीन पालिकांनी एकत्र येऊन ग्रंथालये चालवण्याचा प्रयोग लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर, केन्सिंग्टन-चेल्सी आणि हॅमरस्मिथ-फुलहॅम यांनी २०११ नंतर केला. व्यवस्थापन एक, शाखा आपापल्या. खर्च वाचला. पुढे मतभेदांतून तिघांची भागीदारी मोडली आणि दोघांचा संसार उरला. हेलसिंकी, एस्पो, वांता आणि काउनिआइनेन या फिनलंडच्या चार शहरांनी अर्थसंकल्प वेगळे ठेवून फक्त कार्ड, सूची आणि पुस्तकांची ने-आण एक केली. इथले पुस्तक तिथे परत करता येते. ही व्यवस्था टिकली. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो शहर, काउंटी आणि आसपासच्या लहान शहरांनी मिळून एक संयुक्त प्राधिकरणच नेमले आहे, आणि त्यावर त्या त्या संस्थेचे लोकप्रतिनिधी बसतात. भागीदारी कागदावर किती पक्की आहे आणि तिच्यात नेमके काय एकत्र केले आहे, यावर तिचे आयुष्य ठरते, एवढे तरी या तिघांतून दिसते.

कोण काय म्हणते

महाराष्ट्रात आज ढोबळपणे तीन बाजू आहेत, आणि प्रत्येकीत थोडी सरमिसळ आहे.

जुन्या संस्था आणि त्यांचे संघ म्हणतात की वाचनालये लोकांनी काढली, लोकांनीच टिकवली. शासनाने पुरेसे अनुदान वेळेवर द्यावे, सेवकांना वेतनश्रेणी द्यावी आणि कारभारात ढवळाढवळ करू नये. स्थानिक संस्थेच्या ताब्यात गेलेले वाचनालय निवडणुकीगणिक बदलणाऱ्या सत्तेच्या ताब्यात जाते, ही त्यांची भीती पोकळ नाही. शतक-दीडशतक चाललेल्या संस्थांकडे आज जो दुर्मीळ ग्रंथसंग्रह आहे, तो एखाद्या पालिकेच्या गोदामात कसा राहिला असता याची कल्पना करून पाहावी.

दुसरी बाजू ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांची. त्यांच्या मते राज्याच्या दयेवरचे अनुदान हा पायाच कच्चा आहे. कायद्यात उपकर हवा, जिल्ह्याला प्राधिकरण हवे आणि प्रशिक्षित ग्रंथपालांची राज्य सेवा खालपर्यंत यायला हवी. यावर उत्तर असे दिले जाते की शिक्षण कर आणि रोजगार हमी कर महाराष्ट्रातल्या पालिका आधीच राज्यासाठी गोळा करतात. मालमत्ता कराच्या बिलावर आणखी एक ओळ वाढवून शेजारच्या राज्यांतल्या थकबाकीचा वारसा आपण का घ्यावा? या उत्तराला उपकरवाद्यांकडून समाधानकारक प्रत्युत्तर मला अजून वाचायला मिळालेले नाही. वसुली होताच रक्कम आपोआप वेगळ्या खात्यात जावी, ही सूचना त्यांतल्या त्यात व्यवहार्य वाटते.

तिसरी बाजू विकेंद्रीकरणाची. विसावा विषय पंचायतीचा आहे, तर निधी, माणूस आणि निर्णय हे तिन्ही पंचायतीकडे द्या, असे ती म्हणते, आणि कर्नाटकाकडे बोट दाखवते. पण महाराष्ट्रात पंचायतीला देण्यासारखी सरकारी वाचनालये खेड्यात नाहीतच. आहेत ती संस्थांची. त्यामुळे कर्नाटकाचा धडा इथे जसाच्या तसा गिरवता येत नाही. फार तर पंचायत आणि संस्था यांच्यात करार होऊ शकतो: खोली, वीज आणि दुरुस्ती पंचायतीची, माणूस आणि पुस्तके अनुदानातून संस्थेची. अनेक गावांत प्रत्यक्षात असेच चालते, पण तोंडी.

शहरांत चित्र वेगळ्या दिशेने सरकले आहे. नगरसेवकांच्या निधीतून ठिकठिकाणी अभ्यासिका झाल्या. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना त्या हव्याच आहेत आणि सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेल्या असतात. मात्र तिथे पुस्तके घरी नेता येत नाहीत, आणि मुले, गृहिणी, निवृत्त माणसे यांना तिथे काही काम नसते. पालिकेला ‘आम्ही वाचनालय चालवतो’ म्हणायला अभ्यासिका पुरते, आणि ग्रंथालय कायद्याच्या चौकटीत ती येत नाही.

जे अजून ठरायचे आहे

पहिली अडचण माणसाची. भागीदारीत चालणाऱ्या शाखेतला ग्रंथपाल नेमका कोणाचा नोकर? संस्थेचा असेल तर त्याला निवृत्तिवेतन नाही. पंचायतीचा असेल तर तिच्या मंजूर पदांत ग्रंथपाल नाही. राज्याचा करायचा तर हजारो पदांचा भार. समित्यांनी वेतनावर विचार केला, या प्रश्नाला मात्र बगल दिली.

दुसरी, पुस्तकांची ने-आण. शाखा म्हणजे मुळात पुस्तके फिरणे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत पुस्तकांच्या पेट्या देशाबाहेरच्या मराठी वाचकांपर्यंत गेल्या. बडोद्याच्या पेटीचीच ही नवी आवृत्ती, आणि ती कोणत्याही खात्याच्या मदतीविना चालली. जिल्हा परिषदेने आपल्या तालुक्यांतल्या शासनमान्य वाचनालयांत असे पेट्यांचे चक्र फिरवायचे ठरवले तर आजच्या अनुदान नियमांत हा खर्च कुठल्या शीर्षात बसवायचा, हे लेखापरीक्षकालाही सांगता येणार नाही.

तिसरी अडचण हद्दीची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावे आली, २०२१ मध्ये आणखी २३. त्यांतल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांची पुढे पुन्हा वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे एकच गाव दशकभरात आधी पंचायत, मग महापालिका, मग नगरपरिषद असे तीन दारांत उभे राहिले. संस्थेचे वाचनालय असेल तर त्याची नोंदणी आणि अनुदान अशा बदलात फारसे हलत नाही, आणि या मुद्द्यावर संस्थांचा पक्ष बळकट आहे. पंचायतीच्या खोलीत आणि पंचायतीच्या वीजजोडावर चालणारे वाचनालय मात्र मालमत्तेसोबत हस्तांतरित होते, आणि नव्या मालकाने ते वाचनालय म्हणूनच ठेवावे असे बंधन त्याच्यावर नसते. १९६७ च्या कायद्यात किंवा १९७० च्या नियमांत या हस्तांतराचा विचार नाही, आणि पंचायत व संस्था यांच्यातल्या तोंडी करारात तो असण्याची शक्यताही नाही. राज्यात शहरांच्या हद्दी वाढतच आहेत.